मक्याचं पिंप, झाडावरचा कॅमेरा आणि मी

मी वेल्डन येंच. आमच्या टेक्सासच्या टेकड्यांत मला कोणी विचारलं, तू काय करतोस, तर मी सांगतो की हरणांची शिकार करतो. शेजारी माझी बायको नेल्डा असली तर ती लगेच दुरुस्ती करते, "शिकार नाही. हरणांना जेवू घालतो."

दोन्ही खरं आहे. तिचं जरा जास्त खरं आहे.

पोटासाठी मी जन्मभर गॅसचा टँकर चालवला. आमच्याकडे घरं लांब लांब, प्रत्येक घरामागं गॅसची मोठी टाकी. त्या भरत फिरायचं, दारातल्या कुत्र्यांशी ओळख ठेवायची, हे माझं काम. त्यात मी बरा होतो. कुत्रीसुद्धा तसंच सांगतील. पण गॅस भरणारा म्हणून या मुलखात कोणी नाव काढत नाही. इथं नाव निघतं ते घराच्या भिंतीवर टांगलेल्या शिंगांवरून, आणि आमच्या भिंतीवर होतं एक घड्याळ.

जमीन वडिलांची. लानो नदीच्या वरच्या अंगाला, दगड, फड्या निवडुंग, ओक आणि मेस्किटची काटेरी झुडपं. गहू पेरला तर दगड वर येतात. हरणं मात्र मुबलक. पापा शिकारीला निघायचे तेव्हा त्यांच्याजवळ एक जुनी रायफल असायची आणि खिशात उकडलेलं अंडं. ओकच्या बुंध्याला पाठ लावून बसायचे. अंडं खाऊन व्हायच्या आत हरीण पडलेलं असायचं. त्यांना वर्षाला एक लागायचं, एक मिळायचं.

मी पहिलं पिंप उभं केलं तेव्हा पापा हयात होते. लोखंडी तीन पायांवर ठेवलेलं उंच पिंप, त्यात मका, खाली बॅटरीवरची फिरकी. पापा काठी टेकत त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घालून आले.

"हे काय आहे?"

"हरणांसाठी, पापा. रोज ठरल्या वेळेला फिरकी फिरते, मका चौफेर उडतो. हरणांना सवय लागते."

"बरं. मग?"

"मग मी मचाणातून गोळी घालतो."

पापांनी जरा विचार केला. "म्हणजे तू खानावळ काढलीस आणि गिऱ्हाइकं मारणार."

"तसं नाही, पापा. सगळेच करतात हल्ली."

"नाही, माझी हरकत नाही. तुझा नेम बघता गिऱ्हाइकं जेवून सुखरूप घरी जातील."

ते बोलून गेले आणि तसंच झालं. माझ्या मक्यावर हरणांच्या किती पिढ्या पोसल्या गेल्या. रॅकून पोसले गेले. ते डोळ्यांभोवती काळी पट्टी असलेले चोर फिरकीला लोंबकळून हातानं मका काढायचे. रानडुकरांचे कळप पोसले गेले. मी मचाणात बसायचो. मचाण म्हणजे उंच खांबांवरची लाकडी खोली, आत एक खुर्ची. मी बसलो की थोड्या वेळानं मला झोप लागायची. जाग यायची तेव्हा खाली मका संपलेला असायचा.

मग बाजारात ते कॅमेरे आले. झाडाला पट्ट्यानं बांधायचा; समोर काही हललं की फोटो काढतो आणि तिथल्या तिथं फोनवर पाठवतो. मी एक घेतला, पिंपासमोरच्या ओकला बांधला आणि फोटो तीन फोनवर जातील अशी व्यवस्था केली. एक माझा. दुसरा हिल्मर क्लेर्नरचा. हिल्मर माझा लहानपणापासूनचा मित्र, गावात वेल्डिंगचं दुकान चालवतो, आणि त्याला माझ्या जमिनीवर शिकारीची मुभा आहे. तिसरा नेल्डाचा. तिनं मागितलं नव्हतं. मला वाटलं, तिलाही गोडी लागेल.

पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त फोटो आले ते माझ्या पार्श्वभागाचे. वाकून पट्टा आवळताना, वाकून बॅटरी बघताना, वाकून कॅमेरा चालतोय का ते तपासताना.

"हा प्राणी मी ओळखते," नेल्डा म्हणाली. "याला मारायला परवाना लागत नाही." आणि तिनं फोनचा आवाज बंद करून टाकला.

दुसऱ्या वर्षी तो दिसला.

असा नर मी आयुष्यात पाहिला नव्हता. शिंगं म्हणजे पानं झडलेला ओकच डोक्यावर घेतल्यासारखी. गळ्यावर पांढराशुभ्र पट्टा. बाकीची हरणं जेवायला लागली की हा सगळ्यांच्या शेवटी यायचा, सगळे वाट करून द्यायचे, हा सर्वांत जास्त खायचा आणि सर्वांच्या आधी निघून जायचा. हिल्मर म्हणाला, "हा तर आपला पाद्री!" नाव चिकटलं ते चिकटलंच. आमच्या चर्चच्या पाद्री किझलिंगना अर्थातच कोणी सांगितलं नाही.

पाद्री कॅमेऱ्यात यायचा तो फक्त अंधारात. उजेडात कधी नाही. पुढची काही वर्षं मी त्याच्यामागं वेडा झालो होतो, हे कबूल केलं पाहिजे. मक्यात पीनट बटर मिसळून बघितलं, डुकरांना आवडलं. हरणीचा वास म्हणून विकतात ती बाटली आणली, ती पिकअप गाडीत सांडली. त्यानंतर नेल्डा महिनाभर माझ्या पिकअपमध्ये बसली नाही. अंगभर गवताची झूल असलेला पोशाख घालून मी मेस्किटखाली आडवा पडून राहिलो, तर हिल्मरच्या गाईनं माझ्या खांद्याचं गवत खायला सुरुवात केली. याचेही फोटो तीन फोनवर गेले. म्हणून पुढं जे झालं त्यात हिल्मरचा दोष मी धरत नाही. माझी ख्यातीच तशी होती.

ऑक्टोबर महिना होता, दुपार कलत आलेली. शिकारीचा हंगाम नोव्हेंबरातल्या पहिल्या शनिवारी उघडतो, त्याआधी पिंप गच्च भरून ठेवावं म्हणून मी एकटाच गेलो. नेल्डा चर्चच्या स्वयंपाकघरात होती; रविवारी सॉसेजचं सामुदायिक जेवण होतं. मी पिकअप लावली, काच उघडी ठेवली, फोन आत चार्जिंगला लावला. शिडी टेकवली, मक्याचं पोतं खांद्यावर घेतलं, वर चढलो आणि पिंपाचं झाकण उघडलं.

झाकणाच्या आतल्या बाजूला तांबड्या गांधीलमाश्यांचं पोळं होतं.

लोक म्हणतात, अशा वेळी आयुष्य डोळ्यांपुढून सरकतं. माझ्या डोळ्यांपुढं फक्त माश्या होत्या. पोतं एकीकडं, शिडी दुसरीकडं आणि मी मधल्या वाटेनं खाली. डावा पाय शिडीच्या पायरीत अडकला होता तो तसाच राहिला, बाकीचा मी पुढं गेलो. काहीतरी मोडल्याचा आवाज आला. मला वाटलं, शिडी मोडली. शिडी चांगली होती.

माश्यांनी आपलं काम उरकलं आणि त्या परत गेल्या. मी उताणा पडलो होतो. तोंड भोपळ्यासारखं सुजत चाललेलं, एक डोळा मिटलेला, फुटलेल्या पोत्यातला मका अंगावर आणि अंगाखाली. पाय हलवायला गेलो आणि असा ओरडलो की ओकवरचे कावळे उडाले. मग मी मदतीसाठी हात हलवला. कोणासाठी हलवला ते मला माहीत नाही. मैलभर माणूस नव्हता.

पिकअपमधून आवाज आला : टिंग.

हे काय ते कळायला मला वेळ लागला. कॅमेऱ्यानं माझा फोटो काढला होता आणि तो माझ्याच फोनवर पोचला होता. मी पुन्हा हात हलवला. टिंग. डोकं उचललं. टिंग. म्हटलं, वाचलो! हिल्मरला कळलंच असेल. मी कॅमेऱ्याकडं बघून दोन्ही हात वर केले, पायाकडं बोट दाखवलं, तोंड वेडंवाकडं केलं.

थोड्या वेळानं पिकअपमधून वेगळा आवाज आला, निरोप आल्याचा. माझा जीव भांड्यात पडला.

तो निरोप मी नंतर दवाखान्यात वाचला. हिल्मरनं लिहिलं होतं : "या वेळी गवताचा पोशाख नाही? नुसता मका अंगावर घेऊन पडलास? झकास. हलू नकोस मात्र."

मी वाट बघत राहिलो. कोपरांवर सरकायचा प्रयत्न केला, पण डोळ्यांपुढं काजवे चमकले तेव्हा सोडून दिला. ऊन टेकड्यांवरून खाली उतरलं. मग पिंपाची ठरलेली वेळ झाली. डोक्यावरची फिरकी घुर्र करून फिरली आणि मका बंदुकीच्या छर्ऱ्यांसारखा माझ्या सुजलेल्या तोंडावर बसला. लग्नात माझ्यावर तांदूळ उडवले होते, त्यानंतर एवढं धान्य कोणी माझ्यावर टाकलं नव्हतं.

आणि फिरकीचा आवाज ऐकून गिऱ्हाइकं आली.

आधी दोन माद्या आल्या. मला बघून थबकल्या, पाय आपटले, नाकं वर करून वास घेतला. मला वाटतं त्यांनी ओळखलं. हा तोच तो, घोरणारा. जेवायला लागल्या. त्यांच्यामागून वर्षभराचे दोन नर. मग सगळ्यांनी एकदम माना वळवल्या आणि बाजूला सरकून वाट करून दिली.

पाद्री आला. लख्ख उजेडात.

वर्षानुवर्षं ज्याचे अंधारातले राखाडी फोटो मी उशाशी घेऊन झोपलो, तो माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर उभा. शिंगांचा रंग मधासारखा होता. फोटोत ते कधी दिसलं नव्हतं. त्यानं मान खाली घातली आणि माझ्या मांडीला लागून पडलेला मका खायला लागला. दाढांचा आवाज येत होता. श्वास माझ्या हातावर येत होता, ऊन ऊन. त्या शिंगांनी एक हिसडा दिला असता तर माझं पोट फाटलं असतं, म्हणून मी मेल्यासारखा पडून राहिलो. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा मला दुसरंच काहीतरी वाटत होतं. पाय ठणकत होता, डोळा बंद होता, आणि मी मनात म्हणत होतो, याला कोणी हाकलू नका रे.

टिंग, असं पिकअप म्हणाली. पाद्रीनं कान हलवला आणि खात राहिला.

तिकडं गावात काय झालं ते मला नंतर हिल्मरनंच सांगितलं. तो फोटो बघून त्याच्या हातातलं वेल्डिंगचं पिस्तूल खाली पडलं. माझी युक्ती शेवटी लागू पडली म्हणून त्याला इतका आनंद झाला, आणि इतका मत्सरही, की त्यानं थेट नेल्डाला फोन लावला.

"नेल्डा, फोन बघ! तुझ्या नवऱ्यानं चमत्कार केलाय! पाद्री त्याच्या मांडीशी येऊन जेवतोय!"

नेल्डा कोबी चिरत होती. तिनं हात पुसले, फोटो उघडला, दोन बोटांनी मोठा केला.

"हिल्मर," ती म्हणाली, "त्याच्या डाव्या बुटाचं टोक कुठल्या बाजूला आहे बघ."

"वर आहे की... नाही. थांब." हिल्मरनं फोटो मोठा केला. "अरे देवा. ते मागच्या बाजूला आहे."

"रुग्णवाहिकेला फोन कर आणि मला इथून घे. लगेच."

चर्चच्या स्वयंपाकघरात पाद्री किझलिंग बटाटे सोलायला मदत करत होते. चमत्कार, पाद्री, मांडी असे शब्द त्यांच्या कानावर पडले होतेच. तेही पिकअपमध्ये चढले.

माझ्याकडं उजेड कमी होत चालला होता. एकाएकी सगळ्या हरणांनी माना वर केल्या आणि सीडरच्या दाट झाडीकडं बघितलं. मलाही आवाज आला. गुरगुर, आणि सुकी पानं तुडवल्याची खसखस. रानडुकरं. आता मला खरोखर घाम फुटला. डुकरांना मका आवडतो, पण ती मक्यावरच थांबतात असं नाही. मेलेलं वासरू त्यांनी एका रात्रीत कसं नाहीसं केलं ते मी स्वतः पाहिलंय. आणि मी तर पडलो होतो मक्याची फोडणी दिलेला.

तेवढ्यात वळणावर दिवे दिसले. हिल्मरची पिकअप दगडांवरून उड्या मारत येत होती. झाडीतली गुरगुर लांब गेली. माद्या पांढऱ्या शेपट्या उभारून पळाल्या. पाद्री मात्र दिव्यांकडं तोंड करून उभा राहिला, आणि मी, तुम्हाला खोटं वाटेल, सगळा जीव एकवटून ओरडलो, "सावकाश! पाद्रीला घाबरवू नका!"

पाद्री किझलिंग पिकअपमधून उतरून धावतच आले, गुडघ्यावर बसले आणि माझा हात हातात घेतला. "मी घाबरलो नाही, वेल्डन. मी इथंच आहे."

त्यांच्या मागून हिल्मर आला. तो माझ्याकडं नाही, झाडीत शिरणाऱ्या हरणाकडं बघत होता. "काय शिंगं आहेत रे," तो म्हणाला, "वेल्डन, काय शिंगं आहेत!"

"हिल्मर!" नेल्डा कडाडली. "इकडं ये आणि याचं डोकं धर."

ती माझ्याजवळ बसली. माझा चेहरा बघून तिला हसू आलं असणार, कारण तिनं ओठ घट्ट दाबले होते. "गाढवा," ती एवढंच म्हणाली आणि माझ्या कानातला मका काढायला लागली.

रुग्णवाहिकेची वाट बघताना पाद्री किझलिंगनी हळूच विचारलं, "त्या हरणाला माझं नाव का दिलंय?"

हिल्मरनं खरं सांगायला तोंड उघडलं. "कसं आहे, पाद्रीसाहेब, तो जेवायला येतो ना, तेव्हा..."

"गळ्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यामुळं," नेल्डा म्हणाली.

नडगीची दोन्ही हाडं मोडली होती. पायात लोखंडी दांडा घातला आणि मला घरी आणून खुर्चीत बसवलं. मला भेटायला येणारा प्रत्येक जण आधी तो फोटो मागायचा. किराणा दुकानाच्या दारावर तो लावलेला होता; पाद्री ऐटीत उभा आणि खाली भोपळा पडलेला.

हंगाम उघडायला आठवडा होता आणि पिंप अर्धं रिकामं. नेल्डा म्हणाली, मी भरून येते. मी खुर्चीतून सूचना द्यायला लागलो तशी ती म्हणाली, "झाकण उघडायच्या आधी काठीनं पिंप वाजवायचं असतं. एवढंच ना?" ती भरून आली. दुसऱ्या दिवशी परत गेली. तिच्या फोनचा आवाज आता चालू झाला होता. रात्रीच्या जेवणाला बसलो की ती फोन टेबलावर उभा करून ठेवायची. आणि शुक्रवारी तिनं कपाटातून माझी रायफल काढून टेबलावर घेतली आणि नळी साफ करायला लागली. हात सराईत होते.

"तू काय करतेस?"

"उद्या मचाणात बसते."

"तुला शिकार कुठं येते?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "लग्नाआधी दरवर्षी करायचे, वेल्डन. डॅडींबरोबर."

"मग बंद का केलीस?"

"तुझ्या मचाणात खुर्ची एकच होती."

इतकी वर्षं मी मचाणातून परत यायचो तेव्हा टेबलावर गरम जेवण असायचं, आणि ते करणारीला हरणाबद्दल काय काय ठाऊक आहे, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

शनिवारी काही झालं नाही. रविवारी चर्च. सोमवारी सकाळी मी खुर्चीत कॉफी घेऊन बसलो होतो, खिडकी उघडी होती, आणि टेकडीपलीकडून एकच आवाज आला. एकच. मी दुसऱ्याची वाट बघितली, कारण मला नेहमी दुसरी गोळी झाडावी लागते, कधी तिसरीही. दुसरी आली नाही. मला कळलं. आनंद होता, हेवा होता, आणि त्या माझ्या हातावरच्या ऊन श्वासाची आठवण. डोळे पुसले. नेल्डा आली तेव्हा मी म्हणालो, पाय फार दुखतोय.

"पिंपाकडं आलाच नाही तो," ती सांगत होती. "मागून आला, ओढ्याच्या वाटेनं. मातीत खुरांची वाट पडलीये नुसती. तो मचाणाच्या मागंच उभा राहतो, तू जाईपर्यंत. मग जेवायला जातो."

"मागं खिडकी आहे की. मला कसा दिसला नाही?"

"मागच्या खिडकीवर तू जाकीट टांगतोस."

हिल्मर आला, त्यानं डोक्यावरची टोपी काढली. तिघांनी मिळून पाद्रीला सोललं; म्हणजे त्या दोघांनी सोललं आणि मी खुर्चीतून सल्ले दिले. वर्षभराचं सॉसेज झालं. एक मोठं पुडकं पाद्री किझलिंगना दिलं. त्यांनी पुडक्यावरची ‘पाद्री’ अशी चिठ्ठी वाचली, बराच वेळ हसले, आणि पुढच्या रविवारी सांगितलं की मांस त्यांच्या अपेक्षेपेक्षा कोवळं होतं. मीही खाल्लं. पहिला घास जरा अडकला. नंतर दोनदा वाढून घेतलं.

शिंगं माझ्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर आहेत. घड्याळ स्वयंपाकघरात गेलं. पाहुणे विचारतात, वेल्डन, हा तू मारलास? मी म्हणतो, मी त्याला वाढवला. ते खोटं नाही.

पाय बरा झाला, थंडीत कुरकुरतो. या हंगामात नेल्डानं मचाणात माझ्यासाठी घडीची एक खुर्ची ठेवली, दाराजवळ. काल सकाळी आम्ही दोघं बसलो होतो. धुकं होतं. ओढ्याच्या वाटेनं एक तरुण नर वर येत होता, बेतानं, एकेक पाऊल टाकत. नेल्डानं रायफल उचलली नाही, नुसती दुर्बीण लावली. "दोन वर्षं थांबू," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. "बघ, चालतो कसा."

मी नीट बघावं म्हणून पुढं वाकलो. खिशात बिस्किटाचा पुडा होता. तो वाजला.

नर गेला. नेल्डानं दुर्बीण खाली ठेवली, माझ्याकडं बघितलं नाही, हात फक्त पुढं केला.

मी तिला एक बिस्किट दिलं.